रस्ता त्यांचा, जागरण आमचं



या अंकाचं संपादकीय आवाजावर आहे. कवितेतल्या आवाजावर नाही, सभेतल्याही नाही. हमरस्त्याच्या कडेला राहणाऱ्या आपल्या माणसांच्या पत्र्यावर, भिंतीवर, छातीवर रात्रभर जो आपटत असतो त्या गाड्यांच्या आवाजावर. काही जण म्हणतील, आता हेच लिहायचं राहिलं होतं का? गावोगाव अत्याचार चाललेत, राखीव जागा कुरतडल्या जातायत, पोरं पदव्या घेऊन बेकार हिंडतायत आणि हे महाशय हॉर्नवर अग्रलेख पाडतायत! होय, पाडतोय. कारण ज्याला रात्री झोप नाही तो सकाळी कामावर निम्मा जातो, शाळेत निम्मा बसतो आणि मोर्चात निम्मा येतो. अर्ध्या अर्ध्या माणसांची चळवळ करून दाखवा मला.

मी गोदीत मजुरी करतो. ठेकेदाराच्या गँगमध्ये. बोटीतून पोलादाची गुंडाळी क्रेनला लागून येते, ती ट्रेलरवर बसवायची, साखळदंड आवळायचे, हात वर करून ड्रायव्हरला इशारा द्यायचा. तो ट्रेलर फाटकाबाहेर पडतो आणि रे रोड-शिवडीच्या पट्ट्यातून, आमच्या वस्तीच्या अंगावरून जातो. दिवसा ज्या मालाला मी हात लावतो तोच माल रात्री माझ्या उशाशी धडधडत जातो. कामाची पाळी आठ तासांची. आवाजाची पाळी चोवीस तासांची. कारखान्यांच्या नियमांत निदान लिहून ठेवलंय की कामगाराच्या कानावर आठ तासांत सरासरी ९० डेसिबलपेक्षा जास्त आवाज पडता कामा नये. त्यामागचा हिशेब सरळ आहे. आठ तास कान झिजले तर उरलेल्या सोळा तासांत त्यांना विसावा मिळेल. पण ज्याचं घरच रस्त्यात आहे त्याच्या कानाला सुटी कधी?

आमच्या या पट्ट्यात रस्त्याचेही दोन वर्ण आहेत. वरचा आणि खालचा. वरचा म्हणजे पूर्व मुक्त मार्ग. २०१३ साली सुरू झाला. पी. डिमेलो रोडपासून निघतो आणि गोदीच्या जमिनीवरून खांबांवर चढून वडाळ्याकडे जातो. त्याच्यावर ट्रकला बंदी, दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. वरून मोटारी सुसाट जातात. खालून ट्रेलर, टँकर, डंपर जातात. वरचा टायरचा सळसळाट आणि खालची धडधड यांच्या मधल्या फटीत आम्ही जेवतो, भांडतो, लेकरं वाढवतो. ज्याच्या नावाचा रस्ता आहे तो पी. डिमेलो कोण होता हे वरून जाणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. तो गोदी कामगारांचा पुढारी होता. या गोदीतल्या मजुराला माणसासारखं जगता यावं म्हणून झगडला. पाटीवर नाव पुढाऱ्याचं, आणि पाटीखाली झोपमोड मजुराची.

नातेवाईक येतात, कॉलेजातले मित्र येतात, सर्वेक्षणाचे कागद घेऊन पोरी येतात. सगळे पाच मिनिटांत कानावर हात ठेवतात आणि एकच प्रश्न विचारतात, "तुम्हाला आता सवय झाली असेल ना?"

या 'सवय' शब्दाचं मला भारी कौतुक वाटतं. या देशात आपल्याबद्दल जेवढी वाक्यं बोलली गेली त्यातली निम्मी या शब्दावर उभी आहेत. ढोरं ओढायची त्यांना सवय आहे. घाणीत उतरायची सवय आहे. उपाशी राहायची सवय आहे. सवय म्हटलं की प्रश्न मिटतो. ज्याला सवय आहे त्याला दुखत नाही असं गृहीत धरता येतं, आणि दुखत नसेल तर देणं लागत नाही.

मग खरंच सवय होते का? डॉक्टर मंडळींनी याचा शोध घेतलाय, आणि उत्तर ऐकण्यासारखं आहे. काही दिवसांनी माणूस आवाजाने जागा होणं कमी होतं, हे खरं. तो स्वतः सांगतो, मला काही त्रास नाही. पण झोपलेल्या माणसाचे कान मिटत नाहीत. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. ट्रक गेला की झोपेतच काळजाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, अंग घाबरल्यावर जो रस रक्तात सोडतं तो सोडतं. झोप खोलात जायच्या आत वर ओढली जाते. माणूस जागा होत नाही, त्याला सकाळी आठवतही नाही. पण हे रोज रात्री, वर्षानुवर्षं चाललं की रक्तदाबाचा आणि हृदयाचा विकार जडायचा धोका वाढतो. म्हणजे सवय मनाला लागते, काळजाला लागत नाही. आपल्या वस्तीत पन्नाशीच्या आत छातीवर हात ठेवून गेलेली माणसं मोजा. सगळी रस्त्याने मारली असं मी म्हणत नाही. तंबाखू आहे, दारू आहे, कष्ट आहेत, चिंता आहे. पण या यादीत रस्त्याचं नाव कुणी लिहितच नाही, एवढं मात्र म्हणतो.

आणि हे जागरण आपल्याला नवं थोडंच आहे? म्हाताऱ्यांना विचारा, वेसकर म्हणजे काय. गावाच्या वेशीवर रात्रभर जागा राहणारा महार. गाव आत निवांत घोरायचं आणि वेसकर बाहेर थंडीत, काठी घेऊन, कुत्र्यांच्या सोबतीने जागायचा. बदल्यात भाकरीचे तुकडे. त्या चाकरीला वतन असं भारदस्त नाव होतं. बाबासाहेबांनी त्या वतनावर आयुष्यभर घाव घातले आणि १९५८ च्या कायद्याने ते संपलं. वतन गेलं. जागरण गेलं नाही. आज शहराची वेस म्हणजे हा हमरस्ता, आणि त्या वेशीवर आजही कोण जागं आहे ते बघून घ्या. पूर्वी जागायचे तुकडे तरी मिळायचे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कारण आपण घटनेची लेकरं आहोत. शिव्या देण्याआधी कलम वाचायची शिस्त बाबासाहेबांनी लावलीय.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली केंद्राने केले. त्यात जागांचे चार प्रकार पाडलेत आणि प्रत्येकाला दिवसाची नि रात्रीची मर्यादा दिलीय. औद्योगिक भागात दिवसा ७५, रात्री ७० डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५. निवासी भागात ५५ आणि ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, रात्र म्हणजे १० ते ६. आता सांगा, आपली वस्ती यातल्या कुठल्या रकान्यात बसते? माणसं राहतात म्हणून निवासी? की आजूबाजूला गोदाम आहे, भंगार आहे, गॅरेज आहे म्हणून औद्योगिक? रकाना ठरवायचं काम त्याच नियमांनी राज्य सरकारवर टाकलंय. मतदार यादीत आपण राहतो, पाणीपट्टीच्या कागदावर राहतो. मग आवाजाच्या कागदावर का राहत नाही?

हे आकडे फसवे आहेत, नीट समजून घ्या. डेसिबल रुपयांसारखा मोजायचा नसतो. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. २० वाढले की शंभरपट, ३० वाढले की हजारपट. वाहत्या हमरस्त्याच्या कडेला ७० ते ८० डेसिबल ही रोजची गोष्ट. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५. म्हणजे रस्त्याकडेच्या झोपडीवर रात्री ७५ डेसिबल पडत असतील तर कायद्याने ठरवलेल्या ऊर्जेच्या हजारपट आवाज तिथे ओतला जातोय. कानाला तो हजारपट वाटत नाही, सातआठ पट वाटतो. पण कानाला काय वाटतं त्यावर भिंत थरथरायची थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही रस्त्याच्या रहदारीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली ठेवा असंच सांगितलंय. म्हणजे आपला कायदा कागदावर कुणापेक्षा मागे नाही. कागदावर आपण नेहमीच पुढे असतो.

आणि गंमत बघा. कायदा म्हणतो रात्री आवाज दिवसापेक्षा कमी पाहिजे. शहराचं वेळापत्रक उलटं. दिवसा साहेबाच्या मोटारीला ट्रकची अडचण नको म्हणून शहरात जड वाहनांना ठराविक वेळेत बंदी. मग ती वाहनं सुटतात कधी? रात्री. म्हणजे साहेबाचा दिवस मोकळा व्हावा म्हणून आमची रात्र भरायची. रिकामा ट्रेलर तर भरलेल्यापेक्षा वाईट. खड्ड्यात चाक गेलं की सगळा लोखंडी सांगाडा हवेत उडून आपटतो आणि पाळण्यातलं पोर दचकून उठतं.

तक्रार करायची सोयही नियमांत आहे. मर्यादेच्या वर १० डेसिबल किंवा जास्त आवाज झाला तर कुणीही नागरिक तक्रार करू शकतो. आम्ही तिघेजण एका चौकीत गेलो. हवालदार हसला. म्हणाला, "रस्त्याची तक्रार? कुणाच्या नावाने लिहू?" प्रश्न त्याने थट्टेत विचारला, पण प्रश्न खरा आहे. लाउडस्पीकरला मालक असतो, रस्त्याला नसतो. चौदा एप्रिलला रात्री दहाला एक मिनिट झालं की तेच पोलीस मंडपात हजर होतात. मीटर असतो, दंडुका असतो, आयोजकाचं नाव लिहायला वही असते. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत वाजवायची सवलत सरकार देऊ शकतं, आणि त्या १५ दिवसांसाठी सगळी मंडळं भांडतात. माझा साधा सवाल आहे. रस्त्याला ३६५ दिवसांची सवलत कुणी दिली? आपल्या पोरांच्या ढोलाकडे रोखलेला तो मीटर एकदा तरी नव्वद अंश वळवून रस्त्याकडे धरा.

इथे आपल्याच पोरांना एक गोष्ट ऐकवायची आहे, राग आला तरी चालेल. जयंतीला चारचार मजल्यांची डीजेची भिंत उभी करून आपल्याच वस्तीतल्या म्हातारीचं काळीज हलवणं हा विद्रोह नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलंय की आवाजाच्या जाचापासून मुक्त राहणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि नको असलेलं ऐकायला कुणाला भाग पाडता येत नाही. हे कलम रस्त्याविरुद्ध वापरायचं तर आपल्या मंडपातही पाळावं लागेल. ज्याचं घर रोज थरथरतं त्याच्या घरावर सणाला आणखी थरकाप घालू नका.

आता नेहमीचा सवाल. "मग तुम्ही रस्त्याच्या कडेला राहायला गेलातच कशाला?" हा सवाल पांढरपेशा माणूस असा विचारतो की जणू आपण सगळी मुंबई फिरून, दोनचार फ्लॅट बघून, मग ट्रेलरचा आवाज आवडला म्हणून इथे बिऱ्हाड मांडलं. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे. १९८५ चा ओल्गा टेलिस खटला. त्यात पदपथावरच्या माणसांबरोबर पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या कामराज नगर या वस्तीचीही याचिका होती. ती वस्ती १९६० च्या सुमारास बसली ती त्या महामार्गालगत पाण्याचे नळ टाकणाऱ्या मजुरांची. ज्यांनी शहराच्या पाण्यासाठी खोदलं त्यांनाच पुढे उठा म्हणून सांगितलं गेलं. न्यायालयाने मान्य केलं की माणूस तिथे राहतो कारण त्याची रोजीरोटी तिथे आहे, आणि रोजीरोटीचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. वस्ती हटवायला मात्र त्याच निकालाने रीतसर वाट ठेवली. आम्ही इथे का राहतो? कारण पहाटेच्या पाळीला पायी पोचता येतं. कारण शांत जागेचं भाडं वेगळं असतं. या शहरात शांतता चौरस फुटाने विकली जाते.

शांतता मागितली की मिळते का? मिळते. मागणारा कोण त्यावर आहे. पेडर रोडवर उड्डाणपूल बांधायचं ठरलं तेव्हा लता मंगेशकरांसह तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, आणि तो पूल वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. त्यांचा मला राग नाही. आपल्या खिडकीसमोर पूल नको म्हणण्याचा त्यांना हक्कच आहे. मला एवढंच विचारायचंय की शिवडीच्या, वडाळ्याच्या, मानखुर्दच्या बाईने तेच म्हटलं असतं तर तिला बाजू मांडायला किती मिनिटं मिळाली असती?

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. आपल्या पँथरने १९७२ साली ज्यांच्यावरून नाव घेतलं ती ब्लॅक पँथर पार्टी १९६६ साली अमेरिकेत ओकलंडमध्ये जन्मली. ओकलंड हे बंदराचं गाव, आपल्यासारखंच गोदीवाल्यांचं. त्याच्या पश्चिम भागात काळ्या कष्टकऱ्यांची वस्ती होती. १९५७ साली त्या वस्तीच्या बरोबर मधून सायप्रस स्ट्रीटवर दुमजली उंच महामार्ग घातला. वस्तीचे दोन तुकडे झाले. माणसं तीस वर्षं त्याच्या धुरात नि आवाजात जगली. १९८९ च्या भूकंपात तो महामार्ग कोसळला आणि त्याच्यावरची ४२ माणसं मेली. सरकार म्हणालं, पुन्हा तिथेच बांधू. वस्ती म्हणाली, आमच्या छातीवर आता नाही. ती माणसं लढली आणि महामार्ग वस्तीला वळसा घालून न्यावा लागला. १९९७ ला नवा रस्ता झाला. जुन्या रस्त्याच्या जागी झाडं लावलेला रुंद मार्ग झाला आणि त्याला नाव दिलं मंडेला पार्कवे. त्याच ओकलंडमध्ये दुसरीही गोष्ट आहे. डोंगराच्या बाजूचा ५८० क्रमांकाचा महामार्ग आहे, त्यावर जड ट्रकना बंदी. मग बंदराचे ट्रक जातात कुठून? खालच्या ८८० वरून, गरिबांच्या वस्त्यांच्या कडेने. वाचून मला मुक्त मार्गच आठवला. वर मोटारी, खाली ट्रेलर. समुद्र वेगळा, वर्णव्यवस्था तीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अभ्यास.

बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत वाढले. माणसं, भांडी, चूल सगळं तिथेच. अभ्यासाला जागा नाही, शांतता नाही. मग सुभेदार रामजींनी तोड काढली. भीमाला लवकर झोपवायचं, स्वतः जागं राहायचं आणि रात्री दोनला त्याला उठवायचं. सगळी चाळ झोपलेली असताना रॉकेलच्या दिव्याखाली ते पोर वाचायचं. म्हणजे गरिबाच्या पोराला फुकट मिळणारी एकच अभ्यासिका होती, रात्रीची शांतता. आज आपल्या वस्तीत बाप पोराला दोनला उठवायला तयार आहे, वीज आहे, पुस्तक आहे. पण रात्रीचे दोन ही ट्रेलरची वेळ आहे. ती अभ्यासिका रस्त्याने बळकावलीय.

याला पुरावा पाहिजे? न्यूयॉर्कमध्ये महामार्गाच्या डोक्यावरच ३२ मजल्यांचे चार टॉवर बांधलेत. १९७३ साली कोहेन, ग्लास आणि सिंगर या संशोधकांनी तिथल्या शाळकरी मुलांची तपासणी केली. खालच्या मजल्यांवर, म्हणजे जास्त आवाजात राहणारी मुलं सारख्या उच्चाराचे शब्द ओळखायला कमी पडत होती. आपल्या भाषेत 'पान' आणि 'भान' यांत गफलत. वाचनातही मागे पडत होती. चार वर्षं किंवा जास्त तिथे राहिलेल्या मुलांत हे ठळक दिसलं. म्हणजे मूल रस्त्याचा आवाज बाजूला सारायला शिकतं, आणि तो सारता सारता माणसाचा आवाजही बाजूला सारतं. त्याच शहरात एका शाळेच्या खिडकीशेजारून उंचावरची आगगाडी जायची. १९७५ च्या अभ्यासात दिसलं की रुळाकडच्या वर्गातली सहावीची मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे होती. मग रुळाखाली रबर घातलं, वर्गाच्या छताला आवाज शोषणारे तक्ते ठोकले. पुढे १९८१ सालच्या अभ्यासात तो फरक उरला नव्हता. पोरं तीच जातकुळीची, गुरुजी तेच, धडे तेच. फरक फक्त रबराचा. हे ध्यानात ठेवा, आणि उद्या कुणी 'यांच्या पोरांत गुणवत्ता नसते' म्हणाला की त्याच्या तोंडावर हे रबर मारा.

म्हणूनच घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराकडे मी सगळ्यांचं लक्ष वेधतो. पूर्व द्रुतगती महामार्गाला चिकटलेली आपली वस्ती. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून माणसं त्या महामार्गावर उतरली. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १० जीव गेले. चौकशी आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. ज्या रस्त्याचा आवाज वस्ती वर्षानुवर्षं ऐकत होती तो रस्ता काही तास गप्प झाला, तर व्यवस्थेला एवढंही सोसलं नाही. आता त्या वस्तीच्या जागी पुनर्विकासाचे टॉवर उभे करायची योजना सरकारी यंत्रणांनी हाती घेतलीय, आणि त्याच पट्ट्यातून मुक्त मार्ग ठाण्यापर्यंत वाढवायचाय. पक्कं घर मिळणार असेल तर आनंदच आहे. पण कागदावर सही करण्याआधी विचारा. टॉवरची कुठली बाजू महामार्गाकडे? उंच रस्ता कितव्या मजल्याच्या खिडकीसमोरून जाणार? विक्रीच्या इमारती मागे आणि आपल्या पुढे, त्यांची शांतता राखायला भिंत म्हणून, असा तर डाव नाही ना? पत्र्याच्या घरातलं जागरण काँक्रीटच्या घरात न्यायचं असेल तर तो पुनर्विकास कसला?

हे विचारायला आधार आहे. त्या २००० च्या नियमांतलं तिसरं कलम पाठ करा. कुठल्याही विकास प्राधिकरणाने, पालिकेने नगररचनेचं काम करताना आवाज हा जगण्याच्या दर्जाचा एक निकष म्हणून विचारात घेतलाच पाहिजे, असं त्यात लिहिलंय. गाड्यांचा आवाज कमी करायला उपाय करा, असंही लिहिलंय. हे दान नाही. नियम आहे.

तोवर घरात काय करायचं? तेही सांगतो, कारण संप होईपर्यंतसुद्धा माणसाला झोपावं लागतं. आवाज फटीतून शिरतो, आधी रस्त्याकडच्या फटी बुजवा. पत्रा आवाज अडवत नाही, वाजतो. वजन आवाज अडवतं. म्हणून कपाट, पेट्या, गोधड्यांचा ढीग रस्त्याकडच्या भिंतीला लावा आणि डोकं उलट्या बाजूला करून झोपा. कानात कापूस घालून फारसा फरक पडत नाही, औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात ते बरे. पण ज्या घरात तान्हं पोर किंवा आजारी माणूस आहे तिथे एकाने तरी कान उघडे ठेवावेत. खिडकी बंद केली की हवा बंद होते आणि आपल्या खुराड्यांत आधीच क्षय घर करून बसलाय, तेव्हा रस्त्याकडची झाका आणि मागची उघडा. ज्याच्या घराला मागची खिडकीच नाही, त्याला माझ्याकडे उपाय नाही. तिथे घरगुती उपाय संपतात आणि राजकारण सुरू होतं.

आमच्या मागण्या लिहून घ्या.

१. हमरस्त्याकडेच्या प्रत्येक वस्तीचा आवाज रात्री मोजा, मराठीत फलकावर लावा, आणि वस्ती निवासी क्षेत्र म्हणून लिहा.

२. वस्ती आणि रस्ता यांच्यामध्ये भरीव भिंत घाला. गाडी दिसेनाशी होईल एवढी उंच भिंत असली तरी पाचेक डेसिबल कमी होतात. शोभेच्या झाडांची एक रांग लावून फोटो काढू नका, तिने आवाज अडत नाही.

३. वस्तीसमोरचे खड्डे, पुलाचे सांधे, सुटलेली लोखंडी झाकणं दुरुस्त करा. रात्री वेगाला लगाम घाला.

४. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला बंदी आहे. विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा २,००० रुपये दंड कायद्यात आहे. तो वसूल करून दाखवा. पण ड्रायव्हरला एकट्याला बळी देऊ नका. तोही आपलाच, तोही रात्रीचा जागा. ज्या मालकाने कर्कश हॉर्न बसवलाय त्याला पकडा.

५. पुनर्विकासात आणि पालिकेच्या शाळांत रस्त्याकडची बाजू जिन्याला, संडासाला, गोदामाला द्या. झोपायची खोली आणि वर्ग मागे घ्या.

वाचकांनो, प्रत्येक वस्तीत दोन पोरांनी एक आठवडा वही धरावी. रात्री बारा ते चार, तासाला किती ट्रक गेले, किती हॉर्न वाजले, कोण कोण उठून बसलं. आकडे मासिकाकडे पाठवा, आम्ही छापू. मग त्या वह्या घेऊन एकत्र जाऊ आणि त्यांच्या शांत, थंडगार कचेरीत मोठ्याने वाचू. पानन्‌पान. त्यांनाही ऐकायची जरा सवय होऊ दे.

जय भीम!